निळ्या टोपणाची नळी

गुरुवार, ३ एप्रिल

आजपासून लॅब आवरायला घेतली. तीस तारखेला मी निवृत्त. आणि माझ्यामागे ही खोली कुणाला हवी आहे? कॉम्प्युटरवाल्यांना! भिंत पाडली की त्यांची भरपूर टेबलं मावतील म्हणे. मावू देत.

वरच्या फडताळातून काय काय निघालं. फेरिक सायट्रेट, कॅल्शियम सायट्रेट, सोडियम सायट्रेट — तपकिरी बाटल्यांची रांगच्या रांग. दोन बाटल्यांवर प्रभुदेसाई सरांच्या हातची चिठ्ठी. तिरकं, घाईचं अक्षर. सर जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण शाई काही उडाली नाही. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातली नोकरी संपवून ते अंधेरीला आमच्या कॉलेजात आले, तेव्हा मी नुकती लागले होते. पहिल्याच दिवशी विचारलं, 'सायट्रिक अ‍ॅसिडबद्दल काय ठाऊक आहे?' घाबरून म्हटलं, 'सरबतात घालतात.' एवढे हसले! म्हणाले, 'चला, बाकीच्यांपेक्षा एक गोष्ट जास्त माहीत आहे तुम्हाला.' त्या हसण्यावर मी सगळी नोकरी काढली.

फडताळाचा कोपरा दंडाला लागला. हा एवढा निळा डाग! कामाची सवय गेली, दुसरं काय.

शनिवार, ५ एप्रिल

दिपालीचा फोन आला. धाकूची, माझ्या भावाची बायको. धाकूचं हर्नियाचं ऑपरेशन बुधवारी ठरलं होतं. आता नाही होणार. "ताई, रक्त तपासलं ना, त्यात प्लेटलेट खूप कमी आल्यात. अडतीस हजार. डॉक्टर बोलले, आधी बोन मॅरोच्या डॉक्टरांना दाखवा, मग बघू."

दीड लाखाच्या वर असायला हव्यात. हे मला कुणी सांगायला नको.

'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओट्यापाशी उभीच राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलंच नाही, भात खाली लागला. अशाच एका आकड्याने आमच्या घरातून आईला नेलं होतं. आईचं होतं म्हणून मुलाला होतं असं नाही, हे मीच वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले. शिकवणं वेगळं. आज ते वाक्य मला स्वतःला पटवता येईना.

रविवार, ६ एप्रिल

वाकोल्याला धाकूकडे, आमच्या जुन्या घरी जाऊन आले. तीच खोली, तीच मोरी. ओटा तेवढा आता ग्रॅनाइटचा. धाकू खाली दुकानात कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. मला बघितल्यावर स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचला.

"तुका पण सांगल्यान तिना? गो बाय, माका काय एक झाला नाय."

पोट सांभाळत उठला, चहा सांगितला आणि मीच नेलेली केळी मलाच सोलून दिली. वर गेलो तर दिपाली कांदा चिरत होती आणि कांद्यापेक्षा जास्त रडत होती. "ताई, हे काही बोलतच नाहीत ओ. तुम्ही तरी विचारा ना." मी धाकूला खिडकीपाशी उजेडात बसवलं. हात उलटसुलट करून पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एक डाग नाही, एक लाल ठिपका नाही.

"घोडो विकत घेतंस काय?" म्हणाला.

हसू आलं आणि रडूही आलं. असाच आहे हा, पहिल्यापासून. चहा पिता पिता त्यानेच विषय काढला — "बाबांचो चहा आठवता?"

नाही आठवणार? मे महिना. आईने लिंबाची सरबतं करायची म्हणून वाण्याकडून लिंबाचं सत आणलं होतं, कागदाच्या पुडीत. साखरेसारखंच दिसणारं, पांढरंशुभ्र. आम्ही दोघं येता-जाता पुडीत बोट बुडवायचो, जिभेवर ठेवायचो आणि डोळे मिटून शहारायचो. धाकू असेल सहा वर्षांचा. बाबा रात्रपाळी करून गिरणीतून आले, आई नळावर, आणि ह्याला पुळका आला — आज चहा मी करणार! साखर म्हणून त्याने चांगलं चमचाभर सत घातलं. दूध नासून चोथापाणी झालं. बाबांनी एक घोट घेतला. धाकू समोर उभा, दोन्ही हात मागे, डोळे एवढे मोठे. बाबांनी त्याच्याकडे बघत सगळा कप संपवला. "झकास झालो," म्हणाले. मग मोरीत जाऊन बराच वेळ खाकरत होते. आईने त्या दिवसापासून पुडी हिंगाच्या डब्यात लपवायला सुरुवात केली. मग काय, आम्ही हिंगाच्या वासाचं सत खाऊ लागलो.

निघताना धाकू नाक्यापर्यंत सोडायला आला. रिक्षात बसवलं, आणि मग हळूच, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात — "आवशीक झाल्ला, ताच काय गो?"

'आईला झालं होतं, तेच का?' मी म्हटलं, वेडा आहेस. रिक्षा सुटल्यावर मुलुंडला माझ्या घरी पोचेपर्यंत रडले. मीटर बघायचंही भान नव्हतं.

मंगळवार, ८ एप्रिल

आई डोळ्यांपुढून हलत नाही. लिहूनच काढते.

मी एस.वाय.ला होते, धाकू आठवीत. बाबांची गिरणी संपात बंद पडलेली. आईच्या अंगावर आधी निळे डाग आले. नळावरच्या रेटारेटीत हंडे लागत असतील असं आम्हाला वाटलं. तिलाही तेच वाटलं. मग दात घासताना रक्त, मग जिना चढताना धाप. हॉस्पिटलात कमरेच्या हाडातून मज्जा, म्हणजे बोन मॅरो, काढून तपासली आणि सांगितलं, रक्त बनायचं थांबलंय. आईने शेजारणीला भाषांतर करून दिलं — "कारखानो बंद पडलो. ह्यांच्या गिरणीसारखो."

मग रक्ताच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीमागे रक्त देणारा आणायचा. अख्खी चाळ गेली, गिरणीतले गेले, गावच्या वाडीतले मुंबईत होते तेवढे सगळे गेले. मीही दिलं. बाटली तेव्हा काचेची असायची. पलंगाशी बसल्या बसल्या मी तिच्यावरचं लेबल वाचलं आणि ओरडलेच — "आई, ह्यात काय घातलंय ठाऊक आहे? सायट्रेट! म्हणजे तुझ्या लिंबाच्या सताचाच भाऊ. त्याने रक्त गोठत नाही!" कॉलेजात नुकतंच शिकले होते ना. केवढा तोरा!

आईने त्या लाल बाटलीकडे पाहिलं. ओठ पांढरे पडलेले, पण हसली. "म्हंजे माझ्या अंगात आता सरबत घालतत! मग वायच साखर पण घालूक सांग."

वॉर्डातल्या बायका हसल्या. नर्ससुद्धा. दिवाळीआधी आई गेली.

लोक विचारतात, सायट्रेटवर सगळं आयुष्य कसं काढलं? एवढंच उत्तर आहे. पण ते मुलाखतीत कुठे सांगता येतं?

बुधवार, ९ एप्रिल

आज धाकूचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याऐवजी त्याने तीन पंखे दुरुस्त केले म्हणे. दिपालीने सांगितलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

मोठ्या हॉस्पिटलातली तारीख मिळाली. मंगळवार, बावीस. डॉक्टर त्याच दिवशी कमरेतून बोन मॅरोही काढतील. धाकूला फोनवर सांगितलं, तर सुईची जाडी विचारत होता! "सुयेचा तेवढा भ्या वाटता माका. बाकी कसला नाय."

सुईचं ह्याचं जुनं आहे. शाळेत लस टोचायला आले की हा सगळी शाळा डोक्यावर घ्यायचा. शेवटी शिपाई मला वर्गातून बोलावून आणायचा. "आधी बायचो हात!" आधी माझ्या दंडाला टोचायचं, मी हसून दाखवायचं, मग तो बाही वर करायचा. मला बिचारीला एका लशीऐवजी दोन मिळाल्या असतील कधीतरी. सांगते कुणाला!

प्रभुदेसाई सरांचा नियमही तसाच होता. पेशंटचा नमुना आला की त्याच्यासोबत आपलं रक्त काढायचं, आणि मशीनला आधी आपलं लावायचं. म्हणजे मशीन खरं बोलतंय की नाही ते कळतं. 'दुसऱ्याबद्दल काही बोलण्याआधी आपलं तपासा,' म्हणायचे. तेव्हा आमच्या लॅबमध्ये कुणाचं हिमोग्लोबिन किती ते सगळ्यांना पाठ. सरांचं कमी भरलं की आम्ही त्यांच्या डब्यात बीटाची कोशिंबीर सरकवायचो. ते दिवस! खोलीत पंखा एक, मायक्रोस्कोप एक, माणसं सहा. कुणी कुणावर रुसलं तरी रुसायला वेगळी जागा नाही. आता अपूर्वा आणि मी, दोघीच. पीएच.डी.ची माझी शेवटची पोरगी. गेलं वर्षभर जोडीचं रक्त तीच देते. "मॅडम, तुमच्या नसा सापडत नाहीत, उगाच टोचाटोची नको," म्हणते. हात हलका आहे तिचा. एम.एस्सी.च्या आधी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलाय.

एवढ्या वर्षांत केलं काय आम्ही? ज्यांची मज्जा रक्त बनवत नाही त्यांना सारखं रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं. जे कुठेच मावत नाही ते सायट्रेटचा हात धरून रक्तात हिंडतं आणि उरलीसुरली मज्जाही नासवतं. त्या दोघांचे हात कसे सोडवायचे, एवढाच आमचा प्रश्न. एक संयुग आम्ही बनवलं, त्याने मज्जेच्या पेशी थोडा जास्त तग धरतात. पण लॅबमधल्या काचेच्या बशीत! बशीतून माणसापर्यंत जायला अजून एक आयुष्य लागेल, आणि माझी तर तीस तारीख आली.

आणि धाकूला आज लागलं तर? माझ्याकडे त्याला द्यायला बशीच आहे.

अपूर्वा आज म्हणाली, "मॅडम, दंडाला काय झालं? आणि मनगटाला पण?" म्हटलं, फडताळ आणि खोकी, बाळा. साठी म्हणजे साठी.

रविवार, १३ एप्रिल

कुणाला भेटले नाही. पेरू खाल्ला तर हिरडीतून रक्त आलं. दातांच्या डॉक्टरकडे जायचं कधीपासून राहिलंय! धाकूचं निभावू दे, मग दात.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. दुपारी धाकूच आला मुलुंडला, न सांगता. सोबत कुडाळहून आलेली आमसुलं. "बावीस तारखेक काय झाला तर," म्हणून सुरुवात केली आणि मला दुकानाच्या किल्ल्या दाखवायला लागला, कुठली कशाची. मी किल्ल्या त्याच्या खिशात परत कोंबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला धपाटा घातला असेन. मग आम्ही दोघांनी सोलकढी केली. नारळ त्याने खवला, मी वाटला. आईसारखी झाली नाही. कधीच होत नाही.

धाकू गेला की माझं लहानपण ठाऊक असणारं जगात कुणी उरणार नाही. मला ते नको आहे. हे देवा, मला ते नको आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

सकाळी खालचा ड्रॉवर रिकामा करत होते. जांभळ्या टोपणाच्या नळ्यांचा खोका काढला, त्याच्यामागे निळ्या टोपणाच्या नळ्या. अपूर्वाने विचारलं, "ह्या सायट्रेटच्या पण देऊन टाकायच्या ना?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

प्लेटलेट मोजायला रक्त जांभळ्या नळीत घेतात. त्या नळीतल्या औषधाने रक्त गोठत नाही, पण क्वचित एखाद्याच्या प्लेटलेट त्याच औषधात एकमेकींना चिकटून बसतात. मशीनला घोळका मोजता येत नाही, ते आपलं सांगतं — कमी आहेत! माणूस ठणठणीत, आणि कागदावर मरायला टेकलेला. अशा वेळी काय करायचं? काचेवर थेंब पसरून डोळ्यांनी बघायचं, आणि दुसरं रक्त सायट्रेटच्या नळीत घ्यायचं. हे मी दर वर्षी शिकवते! परीक्षेत विचारते! ज्याच्या अंगावर एक डाग नाही, ज्याच्या हिरड्या मी स्वतः तपासल्या, त्याच्याबाबतीत दहा दिवस माझ्या डोक्यात आलं नाही. आकडा ऐकला आणि मी पुन्हा त्या वॉर्डात जाऊन बसले, एस.वाय.ची पोरगी होऊन.

ताबडतोब धाकूला फोन लावला. उद्या सकाळी लॅबमध्ये ये. काय, कशाला, काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि तसं नसलं तर?

आई, तुझं लिंबाचं सत आता उपयोगी पडू दे.

बुधवार, १६ एप्रिल

आला. इस्त्रीचा शर्ट घालून! लॅब बघायची म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आला, आणि आला तेव्हा अर्धी खोक्यांत गेलेली. बाटल्या बघून म्हणाला, "ह्या सगळा सत? वाण्यापेक्षा जास्ती ठेवलंस!"

अपूर्वाने सुई काढली मात्र, ह्याची बाही खाली. "आधी बायचो हात." अपूर्वा माझ्याकडे बघायला लागली. चोपन्न वर्षांचा माणूस, दुकानाचा मालक! मी मुकाट्याने खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. नस सापडायला वेळ लागला. दोन नळ्या भरल्या, एक जांभळी, एक निळी. मी हसून दाखवलं. मग साहेबांनी बाही वर केली आणि डोळे मिटले. त्याच्याही दोन नळ्या.

नियमाने मशीनला आधी माझं रक्त लावायचं. मला धीर कुठला! धाकूचंच लावलं. सर असते तर पट्टी घेऊन धावले असते.

जांभळी नळी — चाळीस हजार.

निळी नळी — दोन लाख तीस हजार!

काच मायक्रोस्कोपखाली धरली. जांभळ्या नळीच्या थेंबात प्लेटलेटचे घोळकेच्या घोळके. निळ्या नळीच्या थेंबात सगळ्या सुट्या, नीट पसरलेल्या. मी धाकूला बोलावून दाखवलं. "ह्या बघ तुझ्या. ह्या तुझ्याकडे पहिल्यापासून आहेत. नुसत्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या."

एक डोळा मिटून किती वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ताच सत?"

म्हटलं, तेच सत. त्याने तिथेच, खोक्यांच्या मधोमध, मला मिठी मारली. अपूर्वा रडायला लागली. मी तर केव्हाची रडत होते. आईच्या बाटलीवरचं लेबल वाचलेल्या त्या दिवसापासून आजवर, ह्या खोलीत माझ्या माणसाला उपयोगी पडलेली ही पहिली गोष्ट. टेक्निशियनच्या कोर्सात शिकवतात तेवढी साधी, पण पडली ना उपयोगी! आता खोली घ्या आणि काय हवं ते करा.

थेट वाकोल्याला गेलो. दिपालीने सरबत केलं, लिंबाचं सत घालून, खास माझ्यासाठी. धाकूने चहाही केला. मी आधी साखर चाखून बघितली. हसून हसून पोट दुखलं. जिना उतरताना मात्र पायांत गोळे आले, धाप लागली. इतक्या दिवसांची काळजी उतरली की अंग असं पडतंच.

माझ्या नळ्या तशाच राहिल्या. अपूर्वाला म्हटलं, उद्या लावून टाक. नियम तो नियम.

गुरुवार, १७ एप्रिल

अपूर्वाने लावल्या. म्हणाली, मशीन बिघडलंय वाटतं. तिने स्वतःचं रक्त काढून लावलं. मशीन ठीक होतं. माझं पुन्हा लावलं.

जांभळी नळी — एकतीस हजार. निळी नळी — तेवढ्याच. पांढऱ्या पेशी कमी, हिमोग्लोबिन कमी. काच मी स्वतः पाहिली. घोळके नाहीत. सगळीकडे नुसती मोकळी जागा.

आईला हंडे लागत होते. मला फडताळ.

दुपारी दिपालीचा फोन आला, आनंदात होती. "ताई, ती बावीस तारखेची हॉस्पिटलची वेळ रद्द करून टाकू ना?"

"राहू दे," म्हटलं. "नाव तेवढं बदलून घे."